घड्याळजींचा डावा हात

१

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी पुरुषांच्या वॉर्डातल्या सात नंबरच्या खाटेचं सलाइन बंद करण्यात आलं. पंपाचं बटण खुद्द वॉर्डाच्या मोठ्या सरांनी दाबलं. त्यांच्या दुसऱ्या हातात रक्ताचा रिपोर्ट होता आणि त्यावर तीन आकड्यांखाली लाल रेघ होती.

पोटॅशियम साडेसात. फॉस्फेट दहाच्या वर. साखर सहाशेच्या वर.

पहिला आकडा हृदय बंद पाडायला पुरेसा असतो. दुसरा असायला हवा त्याच्या दुपटीहून जास्त होता. तिसऱ्याचा विचार करायला त्या घडीला कोणाला सवड नव्हती.

सात नंबरवर एक घड्याळजी होते. अन्ननलिका आकसल्यामुळे कित्येक आठवडे त्यांच्या घशाखाली पाण्याच्या घोटापलीकडे काही उतरलं नव्हतं. नाकातून पोटात नळी घालून त्यांना अन्न सुरू केलं, आणि डॉक्टरांना ज्याची धास्ती होती तेच झालं. लांबलेल्या उपासानंतर अन्न मिळालं की शरीर रक्तातलं फॉस्फेट अधाशासारखं ओढून घेतं. रक्तात ते फार उतरलं की स्नायू ढिले पडतात. श्वासाला छाती हलवणारेही स्नायूच असतात. घड्याळजींचा आवाज तर दोन दिवसांतच बसला होता. ते पाटीवर खडूने लिहून बोलत.

म्हणून त्या पहाटे त्यांना शिरेतून फॉस्फेट सुरू केलं होतं. ते येतं पोटॅशियमच्या जोडीने. साखरेच्या पाण्याच्या मोठ्या पिशवीत मिसळून, पंपावर, सावकाश द्यायचं असतं. घाई केली की तेच औषध जिवावर उठतं.

कोणीतरी घाई केली, असं आता सगळा वॉर्ड धरून चालला होता. पंप सकाळच्या सिस्टरच्या ताब्यात होता. ती औषधांच्या कपाटाला टेकून उभी होती आणि तिच्याकडे कोणी बघत नव्हतं.

"फौजदारांना बोलवा," सर म्हणाले.

२

फौजदार म्हणजे रुग्णालयाच्या औषध-सुरक्षेच्या प्रमुख डॉक्टर. हे नाव त्यांना परिचारिकांनी ठेवलं होतं, पाठीमागे. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. उंची बेताची, चष्मा कपाळावर, आणि प्रश्न विचारून झाल्यावर गप्प बसायची सवय. त्या गप्प बसण्याला लोक जास्त घाबरत.

बाई आल्या त्या रिपोर्टाकडे न जाता थेट खाटेकडे गेल्या.

घड्याळजी उशीला टेकून बसले होते. मांडीवर पाटी. खाटेच्या कडेला त्यांची थोरली बहीण त्यांच्या उजव्या हाताभोवती आपला लोकरी स्कार्फ नीट खोचत होती. "गार पडलाय हो हात याचा," ती म्हणाली. "इथे खिडक्या कशाला उघड्या टाकतात कोण जाणे."

"ताई, जरा बसा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी वर पडद्याकडे पाहिलं. हृदयाची हिरवी रेघ आपली नेहमीच्या चालीने चालली होती. पोटॅशियम एवढं चढलं की तिची टोकं तंबूसारखी उभी राहतात. इथे एकही तंबू नव्हता.

घड्याळजींनी पाटी पुढे केली. 'माझं सलाइन का थांबवलं? काटा पुढे जाऊ दे की.'

"दुरुस्तीला घेतलंय," बाई म्हणाल्या. ते ओठांच्या एका कोपऱ्यातून हसले.

सरांनी बाईंना बाजूला घेतलं. "रेघेवर जाऊ नका. हृदयाला कळायला वेळ लागतो, आणि त्याला कळेल तेव्हा आपल्याकडे वेळ नसेल. मी कॅल्शियम देतोय आणि पाठोपाठ इन्सुलिन. साखर सहाशे आहे, पोटॅशियम साडेसात. इन्सुलिन दोन्ही खाली आणेल. एका दगडात दोन पक्षी."

"सर," कपाटाजवळून सिस्टर पहिल्यांदाच बोलली, "कॅल्शियम त्या नळीतून नका देऊ. नळीत फॉस्फेट आहे. दोन्ही भेटली की पांढरा चोथा होतो."

सरांनी मान वळवली नाही, पण "वेगळ्या शिरेतून," असं ते पुटपुटले.

ज्या मुलीने वेगाकडे दुर्लक्ष केलं म्हणतात, तिला हे बरं आठवलं, असं बाईंच्या मनात आलं. मोठ्याने त्या एवढंच म्हणाल्या, "आणि दगड चुकीचा निघाला तर? साखर खरोखर सहाशे नसेल तर इन्सुलिनने ती तळाला जाईल. फॉस्फेटही जाईल. मग हा माणूस श्वास घेणार कशाने?"

"आणि आकडे खरे असले, तर तुमच्या शंकाकुशंका होईस्तोवर हृदय थांबेल. कोणती चूक करू, ते तुम्हीच सांगा."

प्रश्न वाजवी होता. दोन्ही बाजूंना तोच एक माणूस होता.

"पहिला आकडा फोनवर कळताच प्रयोगशाळेने नियमाप्रमाणे दुसरं रक्त घेतलंय," सर थोडे नरमले. "सलाइन थांबवायच्या आधीच. ते यंत्रात आहे. तो रिपोर्ट येईपर्यंत कॅल्शियम, इन्सुलिन काहीच देत नाही. पुढे मात्र मला अडवायचं नाही."

३

बाईंनी सिस्टरला कपडे ठेवायच्या खोलीत नेलं. चादरींच्या ढिगावर दोघी बसल्या.

"पंपाला हात लावलास?"

"लावला मॅडम. पुसायला." सिस्टरचे डोळे कोरडे होते. "पाळी बदलताना रात्रीच्या सिस्टरने आणि मी, दोघींनी वेग वाचला. पिशवीवर दर तासाला खूण केलीय. बघा ना जाऊन."

बाई ते आधीच बघून आल्या होत्या. जेवढं जायला हवं तेवढंच गेलं होतं. पिशवीत अजून बरंच शिल्लक होतं.

"साखर तपासली होतीस?"

"दहाच्या सुमारास, बोट टोचून. एकशे बेचाळीस. डाव्या हाताचं बोट घेतलं, उजवा ताईंनी गुंडाळून ठेवलाय. सर म्हणाले, यंत्र बिघडलं असेल." ती थांबली. "मॅडम, मेमो टाइप होतोय ना माझा?"

"होतोय."

"घरी आईला मी अजून सांगितलं नाही. ती विचारेल, तू केलंस का. केलं नाही म्हणाले तर विचारेल, मग कोणी केलं. आईच ती."

"तेच मीही विचारतेय," बाई उठत म्हणाल्या. "तुझ्या आईला आमच्याकडे नोकरी द्यायला हवी."

औषधविभागाचा प्रमुख तळघरात बसे. पिशवीत औषध मिसळायचं काम त्याच्या खोलीत चाले. दुप्पट घातलं गेलं असेल का, या प्रश्नावर तो दुखावला. एक ट्रे ओढून त्याने बाईंपुढे ठेवला. त्यात सात नंबरच्या पिशवीसाठी फोडलेल्या कुप्या होत्या, हव्या तितक्याच.

"पिशवी रुग्णाला लागून संपेपर्यंत मी रिकामी कुपी टाकत नाही. घरीही टाकत नाही. त्यावरून रोज ऐकून घेतो."

"तुमच्या पिशवीत काय काय असतं? एकदा मोजून सांगा."

"फॉस्फेट, पोटॅशियम, साखर आणि पाणी."

"बस?"

"बस. आणखी काय हवं? वेलदोडा?"

बाई हसल्या नाहीत. दारात त्या क्षणभर थबकल्या आणि तेच चार शब्द त्यांनी स्वतःशी पुन्हा म्हटले.

रक्त घेणारा तंत्रज्ञ त्यांना जिन्यातच भेटला. हा माणूस नियमाला इतका पक्का की लोक त्याला 'पोथी' म्हणत.

"दोन्ही वेळा मीच घेतलं. लाल पट्टीचा हात सोडून दुसऱ्या हातातून, कोपराच्या घडीतून. तुमचाच नियम आहे मॅडम. ज्या हातात सलाइन त्या हाताला लाल पट्टी, आणि लाल पट्टीच्या हाताला सुई नाही."

"दोन्ही वेळा?"

"दोनशे वेळा घ्यायला सांगा, त्याच हातातून घेईन."

त्याच्या हातात एक घडी घातलेला कागद होता. तो त्याने पुढे केला. "तुमच्याकडेच निघालो होतो. दुसरा रिपोर्ट."

४

पोटॅशियम सात पूर्णांक सहा. फॉस्फेट तसंच. साखर आणखी वर.

सरांनी कागद वाचला आणि बाईंना परत दिला. इन्सुलिनची सिरिंज भरून ट्रेमध्ये ठेवलेली होती. सिस्टरला मघाशीच अधीक्षकांच्या केबिनबाहेर नेऊन बसवलं होतं.

"एकदा चूक होते," सर म्हणाले. "दोनदा तीच चूक होत नाही."

"दोनदा तीच चूक होते सर. फक्त करणारा शिस्तीचा लागतो."

"म्हणजे?"

"एक मिनिट द्या." बाईंनी बोट टोचायचं यंत्र दुसऱ्या वॉर्डातून मागवून आणलं होतं. घड्याळजींनी खडू खाली ठेवून डावा हात पुढे केला. मनगटावरची लाल पट्टी सरकली. बोटावर रक्ताचा थेंब आला.

एकशे अडतीस.

"मुठीएवढं यंत्र ते," सर म्हणाले. पण त्यांचा हात सिरिंजकडे गेला नाही.

"मुठीएवढी दोन यंत्रं, दोन वॉर्डांतली, सारखंच खोटं बोलतायत? बरं, ती बाजूला ठेवा. सहाशे साखर आली कुठून? हा माणूस मधुमेही नाही. नळीतून त्याला वाटीभर पातळ अन्न जातं. सलाइनची उरलेली पिशवीसुद्धा एका दमात ओतली तरी साखर सहाशेवर जाणार नाही."

"पुढे बोला."

"रिपोर्टात काय काय वाढलंय? पोटॅशियम, फॉस्फेट, साखर. आता पिशवीत काय काय आहे? मी आत्ताच खाली विचारून आले. पोटॅशियम, फॉस्फेट, साखर." बाईंनी कागदावर बोट ठेवलं. "आणि जे पिशवीत नाही ते बघा. सोडियम, कॅल्शियम, प्रथिनं, सगळंच कालच्यापेक्षा थोडं थोडं उतरलंय. दुधात पाणी घातल्यासारखं. सर, हे या माणसाचं रक्त आहे, पण त्यात पिशवीतलं पाणी मिसळलंय. ते त्याच्या अंगात मिसळलेलं नाही. रक्त घेतलेल्या नळकांडीत मिसळलंय."

सरांनी कालचा रिपोर्ट काढून एकेक आकडा ताडून पाहिला. ते हट्टी होते, मंद नव्हते.

"पटलं असतं," ते शेवटी म्हणाले. "पण सलाइनच्या हातातून रक्त घेतलं असतं तर. सलाइन डाव्या हातात आहे, पट्टी दिसतेय. रक्त उजव्यातून घेतलंय. उजव्या हातात पिशवीतलं पाणी येईल कुठून?"

सगळ्यांची नजर घड्याळजींच्या डाव्या हातावर गेली. लाल पट्टीचा तो हात पाटीवर काहीतरी लिहीत होता. सहज, भराभर, कसलीही नळी न अडखळता.

बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला.

"ताई," त्या म्हणाल्या, "तो स्कार्फ जरा सोडता का?"

५

स्कार्फ तीन वेढ्यांचा होता. शेवटचा वेढा सुटला तशी उजव्या मनगटावरची सुई दिसली. तिच्यातून निघालेली नळी पांघरुणाखालून जाऊन खाटेमागच्या स्टँडवर चढत होती. त्याच स्टँडवर नाकातून द्यायच्या अन्नाची नळीही होती. वर कोपराच्या घडीत, औषध ज्या शिरेने वर चढत होतं तिच्याच वाटेवर, कापसाचे दोन बोळे चिकटवलेले होते, एकाखाली एक.

"अगं बाई," ताई म्हणाल्या.

बाईंबरोबर वर आलेल्या पोथीने ते बोळे पाहिले. "मला वाटलं, ती नाकातलीच नळी आहे. पट्टी तर डाव्या हाताला..."

घड्याळजींनी पाटी वर धरली. 'डावा हात म्हणजे माझं दुकान. उजव्याने फक्त चहा ढवळतो.'

मग उलगडा झाला. तो करायला रात्रपाळीच्या सिस्टरला झोपेतून उठवून फोनवर घ्यावं लागलं. सलाइन पहाटे डाव्याच हाताला लावलं होतं. तासाभरात शीर आग आग करू लागली, हे औषध शिरेला झोंबतंच. त्यातून घड्याळजी डावखुरे. त्यांनी पाटीवर विनवणी केली, आणि पाळी संपायच्या जरा आधी तिने सुई उजव्या हाताला लावली.

"आणि पट्टी?" बाईंनी विचारलं.

"मॅडम, पट्टी कापायला एकाच पाळीतल्या दोघींच्या सह्या लागतात," पलीकडून जांभईसकट उत्तर आलं. "मी एकटीच होते. तुमचा नियम आहे ना तो."

नियम बाईंचाच होता. पट्टी कोणी वाटेल तेव्हा काढू नये म्हणून ती न सुटणाऱ्या प्लास्टिकची केली होती, आणि कापायला दोन सह्या लावल्या होत्या. नवी पट्टी जुनी कापल्याशिवाय मिळत नसे. सगळ्यांनी नियम तंतोतंत पाळला होता. रात्रीची सिस्टर पट्टी कापायची थांबली, पोथी पट्टी पाहून दुसऱ्या हाताकडे वळला. गार पडलेला हात ताईंनी झाकला, कारण थंड औषध त्याच हातातून जात होतं.

"म्हणजे माझ्या स्कार्फामुळे झालं हे?" ताईंचे डोळे भरले.

"नाही हो ताई. स्कार्फाला दोन सह्या लागत नाहीत. तो लगेच सुटला."

सकाळच्या सिस्टरला केबिनबाहेरून परत आणलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "सलाइन उजव्या हातात आहे हे मला माहीत होतं! रक्त कुठून घेतलं ते माहीत नव्हतं. मी तेव्हा अकरा नंबरला होते."

"आणि रक्त कुठून घेतलं ते ज्याला माहीत, त्याला सलाइन कुठे ते माहीत नाही," सर म्हणाले. त्यांनी ट्रेमधली सिरिंज उचलली, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ती बेसिनमध्ये रिकामी केली. मग स्टुलावर बसले. स्टूल करकरलं. "पोरी, मघाशी मी तुझ्याकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही."

"चालायचंच सर."

"नाही चालायचं. मेमो मी स्वतः फाडतो. आणि कात्री आण. दोन सह्या कोणाच्या हव्यात? एक माझी घे."

६

लाल पट्टी कापली गेली. पोथीने डाव्या हातातून तिसरं रक्त घेतलं. सुई टोचण्यापूर्वी त्याने दोन्ही हात, दोन्ही पाय आणि खाटेखालची जागाही तपासली.

रिपोर्ट येईपर्यंत कोणी वॉर्ड सोडला नाही. घड्याळजींचा श्वास उथळ चालला होता. फॉस्फेट थांबून आता बराच वेळ झाला होता, हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं. ताई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. सिस्टर दर थोड्या वेळाने त्यांना मुठी आवळायला सांगे आणि आपली दोन बोटं त्यांच्या मुठीत देई.

फोन सिस्टरनेच घेतला. ऐकता ऐकता तिने आकडे मोठ्याने म्हटले.

पोटॅशियम साडेतीनला किंचित कमी. साखर एकशे चाळीस. फॉस्फेट अजून बरंच खाली, पण पहाटेपेक्षा एक पायरी वर.

सगळ्यांत आधी ताई रडल्या. आकडे त्यांना समजले नव्हते, चेहरे समजले होते. सर उभे राहिले आणि उगाचच खिडकी बंद करून आले. पोथी भिंतीला टेकून खाली बसला. "दोनशे वेळा त्याच हातातून घेईन म्हणालो होतो मी," तो म्हणाला, आणि सिस्टरला जे हसू फुटलं ते तिला आवरेना.

सलाइन पुन्हा सुरू झालं. उजव्याच हाताला, नव्या पट्टीसह, त्याच सावकाश वेगाने. आता घाई करायचा मोह झाला असता, पण कोणी केली नाही. घड्याळजींनी पाटीवर लिहिलं, 'चालू झालं. वेळ लावून घ्या.' सिस्टरने खरोखरच मनगटावरचं घड्याळ लावून घेतलं, आणि बाहेर जाऊन आईला फोन केला.

बाई मात्र थांबल्या नाहीत. दोन सह्यांचा नियम त्यांनी तिथल्या तिथे रद्द केला. सुई जाईल तिथे पट्टी जाईल, एवढाच नवा नियम सांगितला. मग कात्री पांढऱ्या कोटाच्या खिशात टाकून त्या एकेका वॉर्डात फिरल्या. लाल पट्टी दिसली की पांघरूण उचलून नळी कुठे जाते ते बघत होत्या. मुलांच्या वॉर्डात सगळं ठीक होतं. शस्त्रक्रियेच्या वॉर्डातही.

बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर एक शिक्षिका पडल्या पडल्या पुस्तक वाचत होत्या. पट्टी डाव्या हाताला होती. सुई उजव्या हाताला.

"तुमचं रक्त आज घेतलं का?" बाईंनी विचारलं.

"घेतलं की. मघाशीच."

"कोणत्या हातातून?"

शिक्षिकांनी पुस्तक छातीवर ठेवलं आणि दोन्ही हातांकडे आळीपाळीने पाहिलं. "आता ते कोणाच्या लक्षात राहणार? काही बिघडलंय का हो?"

"अजून नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी पट्टी कापली आणि तिथल्या सिस्टरला बजावून सांगितलं, या खाटेचा रिपोर्ट आला की कोणत्याही औषधाला हात लावण्याआधी मला फोन.

संध्याकाळी सहा वाजेपर्यंत तो रिपोर्ट आलेला नव्हता.